एसीच्या पाइपखालचा कढीलिंब

मी रत्नागिरीत लोकांच्या गच्चीवरच्या, बाल्कनीतल्या बागा बघते, म्हणजे कुंड्या भरून देणं, छाटणी, खतं, कोणी महिनाभर मुंबईला गेलं तर रोज पाणी घालायला जाणं, सगळंच. यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात भाट्याच्या खाडीजवळ राहणाऱ्या एका काकींचा सकाळी साडेसातलाच फोन. आवाज रडवेला. "अगो, तुळस गेली माझी, आता मोगरा पण चाललाय, आजच्या आज ये."

काकींची गच्ची म्हणजे ४३ कुंड्या. मोगरा, अबोली, अनंत, जास्वंदी, कढीलिंब, मिरच्या, ड्रममध्ये हापूसचं एक कलम. डिसेंबरात छाटणीला गेले होते तेव्हा नुसतं हिरवंगार होतं सगळं. आणि आता वर पोचले तर पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी, मोगऱ्याच्या कळ्या उघडायच्या आधीच गळलेल्या, अनंत तर पार काडी.

पहिला संशय खाऱ्या वाऱ्यावर. समुद्राजवळ हे होतंच, पण वाऱ्याने जळतं तेव्हा समुद्राकडची बाजू जास्त जळते आणि आडोशाची झाडं वाचतात. इथे पाण्याच्या टाकीमागे, जिथे वारा लागतच नाही, तिथली अबोलीसुद्धा तशीच जळलेली. पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड शोधली, नाही. एक मिरचीचं रोप कुंडीतून उपटून मुळं नाकाशी नेली, कुजल्याचा वास नाही. माती मात्र चांगली ओली, आणि ओल्या मातीत झाड मान टाकून बसलेलं. हे मला खटकलं.

काकी म्हणाल्या एकाने बुरशीचं औषध दिलं, ते दोनदा मारलं, मग दुसऱ्याने १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं रासायनिक खत सांगितलं, ते दर आठवड्याला चालूच आहे. काय बोलणार, त्या जीव तोडून करत होत्या. पण झाड मलूल दिसलं की पाणी आणि पिवळं दिसलं की खत, आधी कारण कोणी बघायचंच नाही, याचा मला फार त्रास होतो.

मग लक्ष गेलं कोपऱ्यात. भिंतीला लागून तीन कुंड्या, एक कढीलिंब आणि दोन मिरच्या, एकदम टवटवीत. कढीलिंबाला तर नवीन लालसर पालवी. ऊन तेच, माती तीच, खत तेच, मग यांनाच काय वेगळं मिळतंय म्हणून वर बघितलं तर बेडरूमच्या एसीचा पाइप बरोबर त्यांच्यावर टपटपत होता.

बॅगेत माझा टीडीएस मीटर असतो, चारपाचशे रुपयांचा, पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो, एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते. एसीचं पाणी आलं १८. गच्चीच्या नळाचं आलं २१४०. मी परत धुवून लावला, परत तेच. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं धरतात, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत, आणि हे त्याच्याही वर. काकींना विचारलं गच्चीला पाणी कुठलं, तर म्हणाल्या मार्चपासून सोसायटीने बोअरची लाइन जोडलीय, वापरायला म्हणून.

तिथे सगळा उलगडा झाला. खाडीकाठी जमिनीखाली गोडं पाणी हलकं म्हणून वर असतं, त्याच्या खाली खारं, आणि ऐन उन्हाळ्यात पंप जास्त चालला की खालचं खारं वर खेचलं जातं. वर काकींची पद्धत अशी की प्रत्येक कुंडीला रोज एक तांब्या, खालून थेंब बाहेर यायला नको, गच्ची घाण होते. म्हणजे पाणी उडून जायचं आणि मीठ तिथेच राहायचं, दोन महिने रोज, शिवाय ते खत, तेही क्षारच. मातीच्या कुंड्यांना बाहेरून पांढरी पुटं आली होती ती काकींना चुना वाटली.

काका म्हणाले, "अगो, माडाला आपण मीठ घालतोच की आळ्यात." बरोबर आहे, घालतात. पण माडाला मीठ सोसतं, मोगऱ्याला नाही. आणि माडाचं आळं जमिनीत, पावसाने धुवून निघणारं, कुंडीतलं मीठ जाणार कुठे? काकींना मी म्हटलं, कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की कसं पाणी सुटतं, बाहेरचं मीठ आतलं पाणी ओढतं, मुळांचंही तसंच, भोवती मीठ वाढलं की त्यांना पाणी ओढून घेताच येत नाही, माती ओली असली तरी झाड तहानलेलं. त्या एकदम गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मीच तिला मिठाचं पाणी पाजत होते." तुळशीबद्दल बोलत होत्या. मला पुढे काही सुचलंच नाही बोलायला.

औषध काहीच नाही याला, धुणं हाच उपाय, आणि धुवायला गोडं पाणी हवं. ओळखीच्या एका बागवाल्याच्या वरच्या विहिरीचं पाणी ११० भरलं, त्याच्या पिकअपवर हजार लिटरची टाकी टाकून दोन खेपा मागवल्या. कुंड्यांखालच्या ताटल्या सगळ्या काढल्या, कारण त्यात साठलेलं खारं पाणी माती परत वर शोषते. मग एकेका कुंडीत तिच्या दोनतीन पट पाणी, पण एकदम नाही, थोडं ओतायचं, निथळू द्यायचं, परत ओतायचं. पहिल्या मोगऱ्याखालचं पाणी मोजलं तर ५३००! तिसऱ्या वेळेला ९०० वर आलं तेव्हा काका स्वतः मीटर घेऊन कुंडी-कुंडी फिरायला लागले. लाल मातीच्या घट्ट झालेल्या कुंड्यांत दोन चमचे जिप्सम मिसळलं, त्यातल्या कॅल्शियममुळे मातीला चिकटलेलं सोडियम सुटतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं. वरून नारळाच्या सोडणांचे तुकडे पसरले, ओल टिकावी म्हणून. खत पंधरा दिवस बंद, मग गांडूळखताचं पातळ पाणी, कारण धुताना चांगलंही वाहून गेलेलं असतं.

संध्याकाळी सात वाजले. पाठ मोडली होती पण काकींनी घावणे आणि नारळाचा रस दिला आणि मी गपचूप खाल्ले.

अनंत वाचला नाही. पाच मिरच्याही गेल्या. मोगऱ्याला तीन आठवड्यांनी खालून फुटवा आला, आणि नंतर पावसाळा लागला, आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्याने उरलंसुरलं धुवून टाकलं असणार.

काकींनी एसीखाली आता मोठा पिंप ठेवलाय, इथल्या दमट हवेत रात्रभर एसी चालला तर आठदहा लिटर सहज जमतं. शेजारच्या फ्लॅटमध्ये नवीन भाडेकरू आलेत, त्यांना काकींनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, एसी लावाल तेव्हा पाइप आमच्या पिंपात सोडा हो. नवीन तुळस त्याच पाण्यावर आहे.