हिंगण्याचे विद्यापीठ आणि त्याचे धुरीण

कर्वेनगरला राहायला आल्यापासून महर्षी कर्व्यांच्या संस्थेच्या आवारातील जुन्या झोपडीपाशी मी अनेकदा थांबले आहे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झाल्यावर, पावसाळ्यातला चिखल तुडवत, आश्रमातल्या मुलींसाठी लागणारे सामान घेऊन अण्णा, म्हणजे महर्षी कर्वे, पायी हिंगण्याला, आजच्या कर्वेनगरला, येत. महिला विद्यापीठाच्या नेतृत्वाचा इतिहास मला या वाटेपासून सुरू करावासा वाटतो.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली आणि 1915 साली मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी, 1916 साली, सरकारी मान्यता नसताना आणि तिची वाट न पाहता, मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ उभे राहिले. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. कुलपती झाले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि कुलगुरू झाले प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. या निवडीमागची दृष्टी मला फार मोलाची वाटते. ज्या पदवीमागे सरकारचा शिक्का नाही, तिच्यावर पालकांनी विश्वास ठेवायचा कोणाच्या भरवशावर? भांडारकर पूर्वी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, परांजपे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले. ही दोन नावे हीच त्या विद्यापीठाची मान्यता होती. परांजपे हे अण्णांचे नात्याने भाऊ, त्यांच्याच आधाराने शिकलेले. त्या धाकट्या भावाला कुलगुरुपदी पाहताना थोरल्याच्या मनात काय आले असेल, हा विचार मला नेहमी हेलावून टाकतो. स्वतः अण्णांनी मात्र वर्गणी गोळा करण्याचे, गावोगाव हिंडण्याचे काम पत्करले.

त्या वणवणीला 1920 साली मोठे बळ मिळाले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव लाभले. साडेतीन टक्के दराने तिचे व्याज वर्षाला 52,500 रुपये होते. त्या काळी एवढी रक्कम दरवर्षी हाती येणे म्हणजे प्राध्यापकांचे पगार निर्वेध होणे. तरीही अण्णा थांबले नाहीत. 1929 साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, ते विद्यापीठाचे कार्य जगापुढे मांडायला युरोप, अमेरिका आणि जपानच्या प्रवासाला निघाले.

1936 साली मुख्य कार्यालय मुंबईला गेले. पुणेकर म्हणून मला याची हळहळ वाटते, पण देणगीदार आणि मुलींची वाढती संख्या तिकडेच होती. 1951 साली कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा या मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या विठ्ठलदासांच्या पत्नी प्रेमलीला ठाकरसी. पुण्यातल्या ज्या पर्णकुटीत गांधीजी उतरत, ती त्यांचीच. पाच विद्यार्थिनींचा वर्ग ज्यांनी सुरू केला, ते अण्णा त्या वर्षी त्र्याण्णव वर्षांचे होते, आणि आपण मागितलेली मान्यता पस्तीस वर्षांनी मिळालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली.