परसातली सिरा, यंदाचा धूर आणि बादलीची चाचणी (सोनोमा, कॅलिफोर्निया, ऑक्टोबर 2020)

मंडळी, परसातल्या सिराच्या (लाल वाइनच्या द्राक्षांची एक जात) वेलींचं काय झालं म्हणून बरेच जण विचारत होते. आता सांगण्याजोगं काही हाती आलंय.

ऑगस्टच्या मध्याला विजा पडून वणवे पेटले, तेव्हा मण्यांत नुकतं पाणी उतरत होतं, म्हणजे ते पिकू लागले होते. नेमका नको तो काळ. तिथून तोडणीपर्यंत धुरातले फिनॉल (धुरकट वासाची रसायनं, ग्वायकॉल त्यातलाच एक) मण्यांत सहज मुरतात. 9 सप्टेंबरला भरदिवसा आकाश नारिंगी झालं, ते फोटो तुम्ही पाहिलेच असतील. पण त्या दिवशी बराचसा धूर समुद्रावरून आलेल्या गार हवेच्या थरावर तरंगत होता. वेलींना बाधतो तो जमिनीलगतचा धूर, त्यातही ताजा. तेव्हा आकाशाच्या रंगावर जाऊ नका. हवा मोजणाऱ्या सेन्सरचा आकडाही अर्धंच सांगतो, कारण तो धुराचे कण मोजतो, ग्वायकॉल नाही.

द्राक्षं धुऊन फायदा नाही आणि चाखून तर नाहीच. मण्यात ग्वायकॉल साखरेशी जोडला जातो, मग त्याला वास उरत नाही. आंबताना ती जोडी थोडी सुटते, उरलेली पुढे बाटलीत, नाहीतर थेट तोंडात लाळेने.

प्रयोगशाळांकडे इतकी गर्दी की निकाल येईतो वेलीवर बेदाणे व्हायचे! म्हणून बादलीची चाचणी: थोड्या द्राक्षांची वाइन बादलीत करून चाखायची. ओळीच्या दोन्ही बाजूंचे घड मिसळून काही किलो घेतले, चिरडून सालींसकट यीस्ट घातलं आणि साखर संपेपर्यंत रोज चोथा खाली दाबला. यात ओकचे तुकडे टाकू नका, भाजलेल्या ओकमधूनही ग्वायकॉल उतरतो. सिरात तर तो मुळातच थोडा असतो, म्हणून शेजारी गेल्या वर्षीची स्वच्छ वाइन ठेवली.

चाखायला तीन-चार जण हवेत, काहींना ही चव लागतच नाही. आमच्या हिला काहीच जाणवलं नाही. मला मात्र घोट गेल्यावर थोड्या वेळाने विझलेल्या बंबातली राख चाटल्यासारखं झालं. दोन पेल्यांमध्ये पाणी पिऊन चांगलं थांबा, नाहीतर पुढचा प्रत्येक पेला राखेचाच लागतो.

लाल वाइनचा बेत रद्द. सालीतच धुराचा जास्त ऐवज असतो, म्हणून घड न चिरडता अगदी हलके दाबून रोझे (फिकट गुलाबी वाइन) लावलीय. आपसूक निथळलेला रस एका कारबॉयमध्ये (वाइन आंबवायच्या मोठ्या बाटलीत), जोर लावून काढलेला दुसऱ्यात. पहिला अजून स्वच्छ वाटतोय. दुसऱ्यावर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन वापरून बघेन, पण फार आशा नाही: तो रंग-सुगंधही ओढतो आणि साखरेशी जोडलेला भाग बराचसा मागेच राहतो.