चौसष्टातले एकसष्ट

पट ६४, आधार वैध ५७. २८ सप्टेंबरला सकाळी तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या डाटा ऑपरेटर ताईंनी फोनवर एवढंच सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "सर, सात मुलं अडकलीत. मुख्याध्यापक मॅडमना जनरल रजिस्टर घेऊन बसायला सांगा."

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी पट्ट्यात मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाचा पर्यवेक्षक आहे. संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षकांची पदं मिळणार याचा दरवर्षीचा हिशोब, आणि तो ३० सप्टेंबरच्या पटावर होतो. नुसता हजेरीपट चालत नाही, मुलाची नोंद आधारशी जुळलेली लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन, असं प्रमाण दिलं आहे. फोन ज्या शाळेबद्दल होता, त्या पहिली ते पाचवीच्या शाळेत तीन शिक्षक आहेत. ५७ वर गाडी थांबली असती तर तिसऱ्या बाई अतिरिक्त ठरल्या असत्या, समायोजनात दुसऱ्या शाळेवर गेल्या असत्या आणि पाच इयत्ता दोघांच्या अंगावर पडल्या असत्या.

एक पद गेलं तर काय बिघडतं, असं गावातले शिकलेले लोकही विचारतात. त्यांना मी गणित मांडून दाखवतो. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. पाच इयत्तांना दोन शिक्षक असले तर एका इयत्तेच्या वाट्याला शिक्षक प्रत्यक्ष समोर असण्याचे ३२० तास येतात, तीन असले तर ४८०. फरक १६० तासांचा. उरलेल्या वेळात मुलं वर्गातच असतात, पण फळ्यावरचं उतरवून काढत.

या शाळेत तिसऱ्या बाईंकडे पहिली आणि दुसरी आहे. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेच्या लक्ष्याप्रमाणे दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचायचे, तिसरीच्या अखेरीस किमान ६०. ही तपासणी एका वेळी एकाच मुलाची होते. अनोळखी उतारा, मोबाइलवर एक मिनिट लावलेलं, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे, अडला तर तीन-चार सेकंद थांबून पुढचा शब्द दाखवायचा, शेवटी दोन प्रश्न विचारायचे. बोलावणं, बसवणं आणि नोंद धरून एका मुलाला पाच मिनिटं जातात. ऑगस्टमध्ये दुसरीतला एक मुलगा ३१ शब्दांवर होता. जोडाक्षर आलं की ओळीवरचं बोट तिथेच थांबायचं. "पुस्तक" वाचताना "पुस" म्हणून तो बाईंकडे बघायचा. त्याच्याबरोबर रोज दहा मिनिटं बसायला माणूस लागतो. तो माणूस शाळेत राहणार की जाणार, हे सात नोंदींवर येऊन ठेपलं होतं.

अवैध नोंद समोर आली की आमच्या ताई पहिला प्रश्न विचारतात, "चूक आपली की कार्डाची?" आपली चूक म्हणजे शिक्षण विभागाच्या पोर्टलवर भरताना झालेली, ती दहा मिनिटांत निघते. कार्डाची चूक म्हणजे आधार केंद्र, पुरावा, पावती आणि काही आठवड्यांची वाट. बहुतेक शाळा इथेच फसतात. यादी हातात आली की सरसकट सगळ्या पालकांना आधार केंद्रावर पाठवतात, मजुरी बुडवून लोक तालुक्याला जातात, आणि नंतर कळतं की कार्ड बरोबरच होतं. उलटही होतं. पोर्टलवरची चुकीची तारीख खरी मानून आधारवरची बदलून आणतात. आधारवर जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा. ती एक संधी चुकीच्या दुरुस्तीत गेली की दहावीला पोर अडकतं.

म्हणून ताई तीन कागद शेजारी शेजारी ठेवतात. जनरल रजिस्टरचं, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीचं पान, आधार कार्डाच्या दोन्ही बाजू आणि पोर्टलवरच्या नोंदीचा स्क्रीनशॉट. यातला रजिस्टरचा कागद लोक वगळतात, आणि खरा पुरावा तोच. जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, त्यातली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय होत नाही. रजिस्टर आणि कार्ड जुळत असेल तर चूक पोर्टलवरची, म्हणजे आपली. रजिस्टर आणि पोर्टल जुळतंय पण कार्ड वेगळं, तर काम आधार केंद्रावरचं.

दुपारी बारापर्यंत सातही मुलांची वाटणी झाली. पाच आपल्या चुका, एक कार्डाची, आणि एका मुलीला आधारच नाही.

आपल्या पाचांत प्रत्येकाचा दोष निराळा. तिसरीतली किरण मुलगी आहे, नोंद भरणाऱ्याने नावावरून मुलगा निवडलेलं. चौथीतल्या एकाची तारीख ४ जुलै, भरताना महिना आधी आणि दिवस नंतर गेल्यामुळे ७ एप्रिल झालेली. असा उलटफेर तारीख बारापर्यंतची असली तरच होतो आणि म्हणूनच नजरेतून सुटतो. बाराच्या पुढची असती तर संगणकाने घेतलीच नसती. पहिलीतल्या वाघ आडनावाच्या मुलाच्या कार्डावर इंग्रजीत 'डब्ल्यू' होता, आपण 'व्ही' भरलेला.

राहिले दोघे सख्खे भाऊ, दुसरी आणि चौथीतले. नाव, तारीख, लिंग, सगळं रजिस्टरशी जुळत होतं, तरी दोघेही अवैध. ताई पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, दोघांचे आधार क्रमांक अदलाबदल झाले असणार. दोन्ही कार्डं प्रत्यक्ष बघायला हवीत." शाळेच्या फाइलीत एकाच्याच कार्डाची झेरॉक्स होती, तीही शेवटचे चार आकडे पुसट झालेली. घर वरच्या धनगरवस्तीवर, शाळेपासून दीड तासाची चढण, वर मोबाइलला रेंज नाही आणि पाऊस चालू.

पोषण आहार शिजवणाऱ्या ताई त्याच वस्तीवरच्या. या शाळेच्या पटाला नियमाने दोन स्वयंपाकी-मदतनीस आहेत. २५ मुलांपर्यंत एक आणि १०० पर्यंत दोन, असं प्रमाण आहे. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. साठ मुलं जेवायला असली की सहा किलो तांदूळ आणि सव्वा किलोच्या आसपास डाळ रोज निवडून, धुऊन, शिजवून, मुलांना वाढण्याआधी चवीच्या नोंदवहीत सही होऊन पंगत बसते. त्यानंतर भांडी. मानधन महिन्याकाठी एखाद्या मजुराच्या आठवड्याच्या कमाईएवढं. त्या दिवशी भांडी दुसरीवर सोपवून त्या वर गेल्या. कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून साडेपाचला खाली आल्या, मुलांच्या आईलाही सोबत घेऊन आल्या. का, तर "तुम्ही सही मागाल म्हणून." कागद पोरांचा आहे, आईला विचारल्याशिवाय द्यायचा नाही, ही समज कुठल्या प्रशिक्षणात मिळालेली नाही.

ऑपरेटर ताईंचा अंदाज अचूक निघाला. थोरल्याचा क्रमांक धाकट्यावर, धाकट्याचा थोरल्यावर. प्रवेशाच्या वेळी आईने दोन्ही कार्डं एकदम टेबलावर ठेवली असणार.

इथून पुढचं काम रात्रीचं. महिनाअखेरीस दिवसा पोर्टल चालत नाही, म्हणजे उघडतं, फिरत राहतं आणि नोंद जतन करताना बाहेर फेकतं. काही रकाने शाळेच्या लॉगिनला बंद असतात, ते गटाच्या लॉगिनवरून उघडावे लागतात. शिवाय एकाच मुलाची माहिती राज्याच्या सरल पोर्टलवर वेगळी आणि केंद्र सरकारच्या यू-डायस प्लसवर वेगळी. एकीकडे दुरुस्त केलं की दुसरीकडे आपोआप होत नाही. या दोन नोंदी एक झाल्या तर तालुक्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाचे वर्षाला कितीतरी दिवस वाचतील, हे मी प्रत्येक बैठकीत बोलतो आणि बोलत राहीन. ताई रात्री दहापर्यंत बसल्या. पाचही नोंदी गेल्या, स्थिती 'प्रक्रियेत'.

२९ ला सकाळी ६१ दिसले. दोघे भाऊ, किरण आणि जुलैवाला वैध झाले होते. वाघ अजून अवैधच. पद वाचलं होतं. मला वरून फोन आला, "झालं ना तुमचं?" मी हो म्हणालो. वरच्या कार्यालयाला आकडा हवा असतो, तो मिळाला की पुढच्या शाळेकडे जातात. त्यांच्याकडे शेकडो शाळा, मी दोष देत नाही. पण ताईंनी वाघची नोंद पुन्हा उघडली. 'डब्ल्यू' दुरुस्त होता. कार्डाचा फोटो मोठा करून त्यांनी एकेक अक्षर बोटाने वाचलं. कार्डावर मुलाचं नाव आणि आडनाव एवढंच होतं, वडिलांचं नाव नव्हतं. आपण रजिस्टरप्रमाणे तिन्ही भरलं होतं. आधारवरील नाव भरायच्या रकान्यात कार्डावर जसं आहे तसंच हवं, कमी नाही आणि जास्तही नाही. मधलं नाव काढलं, त्याच्यामागे राहिलेली जादा मोकळी जागाही काढली. संध्याकाळी ६२.

मी म्हणालो, ताई, ६१ लाच काम झालं होतं. त्या म्हणाल्या, "पदाचं झालं होतं सर. वाघचं कुठे झालं होतं? उद्या त्याचा अपार आयडी काढताना पुन्हा हेच." अपार आयडी म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा कायमचा क्रमांक.

समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची केंद्रीय योजना २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा सर्व शिक्षा अभियान त्यात विलीन झालं. ताई त्याआधीपासून आहेत, तेव्हाही करारावर आणि आजही करारावर. आमच्या केंद्रातली एकही शाळा अशी नाही जिचं पद, पुस्तकं किंवा गणवेश त्यांच्या हाताखालून गेले नाहीत. पाच सप्टेंबरला तालुक्यात आम्ही शिक्षकांचा सत्कार करतो, तो व्हायलाच हवा. पण इतक्या वर्षांत त्या मंचावर डाटा ऑपरेटर, स्वयंपाकी किंवा शिपाई मी पाहिला नाही, आणि निमंत्रणाची यादी करणाऱ्यांत मीही होतो. शिक्षण म्हणजे फळा आणि खडू एवढंच धरून आपण याद्या करतो. ३१ शब्दांवरच्या मुलाला ऑक्टोबरात रोज दहा मिनिटं मिळाली, त्यातली काही मिनिटं त्या रात्री दहापर्यंतच्या बसण्यातून आली आणि काही धनगरवस्तीच्या चढणीवरून.

ऑक्टोबरच्या शिक्षण परिषदेत आम्ही दोघींना बोलावून शाल-श्रीफळ दिलं. स्वयंपाकी ताई काही बोलल्या नाहीत, नारळ पदराखाली घेऊन बसल्या. ऑपरेटर ताईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी आभाराची दोन वाक्यं बोलून थेट कामाला हात घातला. "रजिस्टरचा फोटो वरून सरळ काढा, तिरपा नको. दाराशी उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली पानावर चमक येते. आधारच्या दोन्ही बाजू पाठवा. भावंडं असतील तर फोटोखाली कोणाचं कार्ड ते लिहा. आणि २८ सप्टेंबरला नका पाठवू, जुलैत पाठवा." सभागृहात पस्तीसेक शिक्षक होते, बहुतेकांनी लिहून घेतलं. आमच्यातले काही मुख्याध्यापक अंधुक फोटो टाकून खाली "ताई तुम्हीच बघा" असं लिहितात. त्यांनीही लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात चार शाळांनी पूर्ण पटाचे तिन्ही कागद मुलागणिक लावून पाठवले, कोणी न मागता.

कार्डाची चूक असलेल्या मुलाचं काम वाटेवर आहे. त्याच्या कार्डावर १ जानेवारी आहे. नोंदणीच्या वेळी आईवडिलांनी फक्त साल सांगितलं की असं होतं. जन्मदाखला आहे, केंद्रावरची पावतीही आहे.

चौसष्टावी मुलगी मात्र डोक्यातून जात नाही. आईवडील वीटभट्टीवर, मुलगी दुसरीत. जन्म कामावरून परतताना वाटेत झाला, नोंद झालीच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, म्हणून ती वर्गात आहे. रोज येते, जेवते, मिनिटाला ३८ शब्द वाचते. पण त्या दिवशीच्या आमच्या यादीत ती मोजली गेली नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यासाठी आधी ज्या गावात जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीचा 'नोंद आढळत नाही' असा दाखला लागतो, आणि ते गाव नेमकं कोणतं यावर आईवडिलांचंच एकमत नाही. आई म्हणते, बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी एका सरकारी दवाखान्यात सुई दिली होती आणि बाहेर मोठं चिंचेचं झाड होतं.

ऑपरेटर ताईंच्या वहीत तिचं नाव लाल पेनाने लिहिलेलं आहे. आमच्या आरोग्यसेविकेने त्या रस्त्यावरच्या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची नावं काढून दिली आहेत. दोन ठिकाणची त्या वर्षीची लसीकरणाची रजिस्टरं बघून झाली, त्यांत नाही. तिसऱ्या केंद्राने सोमवारी बोलावलं आहे, आणि आई सोबत येणार आहे, झाड ओळखायला.