मे महिन्यात पाहिलेला ओढा

एका प्रारूप विकास आराखड्यासाठी तयार झालेला विद्यमान जमीन-वापर नकाशा प्रत्यक्ष जागेवर ताडून पाहण्याचे काम आमच्या गटाकडे होते. त्यासाठी जुलैमधल्या एका सकाळी मी पुण्याच्या दक्षिणेला, सिंहगडाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात गेले. आमच्या नकाशावर जिथे सलग ‘पडीक’ जमीन रंगवलेली होती, तिथे गुडघाभर पाणी वाहत होते.

मूळ पाहणी मे महिन्यात झाली होती. तेव्हा पात्र कोरडे होते, काही भाग मुरूम टाकून सपाट केलेला होता, आणि पाहणी करणाऱ्यांनी जे दिसले तेच नोंदवले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात हा प्रवाह होता. परंतु त्या नकाशांत कोरडे प्रवाह निळ्याऐवजी काळ्या रेषेने दाखवतात, आणि घाईत ती रेषा सहज नजरेतून सुटते. गावातल्या जमिनींच्या हद्दी दाखवणाऱ्या गाव नकाशावर ओढा स्पष्ट होता. तो नकाशा कोणी उघडला नव्हता, याचे मला फार वाईट वाटले.

बांधावर एक वयस्कर शेतकरी उभे होते. मी विचारल्यावर ते म्हणाले, “ताई, दोन वर्षं झाली मुरूम टाकून. पण डोंगराचं पाणी खाली यायचंच की. आता ते आमच्या वावरातनं जातं.”

आराखडा साधारण २० वर्षांसाठी असतो आणि त्याची सारी प्रस्तावित क्षेत्रे या विद्यमान नकाशावर बेततात. इथे निवासी क्षेत्र सुचवलेले होते. १:५ पेक्षा (पाच मीटर अंतरात एक मीटर चढापेक्षा) तीव्र डोंगरउतारावर बांधकामाला बंदी आहे, त्यामुळे वरचा डोंगर कागदावर तरी सुरक्षित होता. त्याचेच पाणी वाहून नेणारा पायथ्याचा ओढा मात्र सपाट जमिनीत असल्याने त्या नियमात बसत नव्हता. नकाशावर ओढाच नसेल, तर त्याच्या काठाने मोकळे अंतर सोडा, असे रेखांकन, म्हणजे भूखंडांची आखणी, मंजूर करताना कोण कोणाला सांगणार? कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याचे पाणी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री वस्त्यांत शिरले आणि माणसे दगावली. गावातल्या त्या गुडघाभर पाण्यात उभी असताना मला तीच रात्र आठवत होती.

दुपारी आम्ही दोघा सहकाऱ्यांनी जीपीएस घेऊन ओढा डोंगरापासून खालच्या नाल्यापर्यंत चालत नोंदवला, बुजवलेल्या भागाच्या दोन्ही कडा त्या शेतकऱ्यांना विचारून निश्चित केल्या, आणि संध्याकाळी गाव नकाशाच्या प्रतीसह टिपण सादर केले. पुढच्या आठवड्यात ओढा नकाशावर आला. त्याला छेदणारा प्रस्तावित रस्ता वरिष्ठांनी कायम ठेवला. म्हणून त्याखालच्या मोरीचा आकार संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा हिशेब करून ठरवावा, एवढी एक ओळ मी टिपणाला जोडली.