कुंभार्ली घाट आणि पिवळा दिवा

गुहागरला ताम्हिणीवरून न जाता कुंभार्ली घाटाने जायचं, हा हट्ट बाबांचा. एसटीत ड्रायव्हर होते, आणि नोकरीची बरीच वर्षं कऱ्हाड-चिपळूण रस्त्यावर गेलेली. त्यामुळे शेजारच्या सीटवर बसले तरी त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत असतो.

सातारा मागे पडला आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडीला काहीच झालेलं नव्हतं. आवाज तोच, ओढही तीच.

"पिवळा आहे ना? मग चल. लाल लागला की थांबायचं," बाबा म्हणाले.

नियम वाईट नाही. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर पुढचा एक किलोमीटरही महागात पडतो. पण माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. न्यू जर्सीतल्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "पेट्रोलचं झाकण घट्ट लावलंयस का बघ." तिकडे १९९६ पासून गाड्यांचा कॉम्प्युटर टाकीतून वाफ गळते का, यावरही नजर ठेवतो. त्यामुळे दिवा लागला की पहिला संशय झाकणावर. मी उतरून झाकण तीनदा फिरवलं. दिवा तसाच.

उंब्रजला पाटणकडे वळायच्या आधी एका गॅरेजात थांबलो. तिथल्या माणसाने बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली, चहा पिऊन आला आणि वायर परत लावली. दिवा गायब! दोनशे रुपये. मी खूश, बाबाही खूश. वायर काढल्याने दोष जात नाही, दोषाची नोंद पुसली जाते, ही अक्कल मला संध्याकाळी आली. डॉक्टरकडे जायच्या आधी कुणी आपला केसपेपरच फाडून टाकावा, तसला तो प्रकार.

पाटणच्या पुढचा रस्ता श्रावणात काय दिसतो, ते मी सांगायला नको. डाव्या-उजव्या हाताला कोयना येत-जात राहते, भाताची खाचरं भरलेली असतात. कोयनानगरला भुरभुर पाऊस लागला. हेळवाक सोडून चढाला लागलो, तशी गाडी अंग टाकायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की एक हिसका, मग काहीच नाही, मग पुन्हा हिसका. पिवळा दिवा परत आला होता, पण आता तो लुकलुकत होता.

"मिसिंग मारतेय," बाबा कान देऊन म्हणाले. "बाजूला घे."

घाटमाथ्यावर भज्यांच्या टपरीशी गाडी लावली. इंजिन चालूच होतं आणि स्टिअरिंग थरथरत होतं. मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर पेटतच नाही, आणि तीन सिलिंडरची गाडी दोनवर चालायला लागली की लंगड्या घोड्यासारखी डोलते. मागे कच्च्या पेट्रोलचा वास. मी इंजिन बंद केलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा गाडीचं माहितीपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढलं. दिवा नुसता लागला असेल तर सांभाळून गॅरेजपर्यंत जा. लुकलुकत असेल तर वेग आणि भार लगेच कमी करा. कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या धातूंचा लेप. ती वितळली की किमतीचा आकडा ऐकून माणूसच वितळतो. बाबांच्या पिवळ्या-लालच्या नियमात लुकलुकणं कुठेच बसत नव्हतं.

मोबाइलला रेंज नव्हती. टोइंगचा विचार भज्यांबरोबर संपला. बाबांनीच तोडगा काढला: "आता सगळा उतारच आहे. दुसऱ्या गिअरमध्ये सोड. न्यूट्रल करायचं नाही आणि ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही." त्यांनी हे ब्रेक तापू नयेत म्हणून सांगितलं. पण गिअरमध्ये गाडी उतारावर सोडली की हल्लीच्या इंजिनात पेट्रोलची फवारणी जवळपास बंदच होते, म्हणजे कन्व्हर्टरलाही आराम. खरंच, चार वळणं उतरल्यावर लुकलुक थांबली आणि दिवा नुसता लागून राहिला. कोयनेचं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहात उतरतं. आम्हीही वरच्या रस्त्याने तसेच, नुसत्या उताराच्या जोरावर पोफळीला उतरलो.

शिरगावात रस्त्याकडेला पत्र्याची शेड असलेलं गॅरेज मिळालं. मेस्त्री पंचविशीचा असेल. बॅटरीला त्याने हातही लावला नाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात दोषाची नोंद वाचणारी काडेपेटीएवढी डबी खोचली आणि स्वतःचा मोबाइल बघितला. "पी ०३०३. तीन नंबरचा सिलिंडर मिस करतोय." मला वाटलं, आता प्लग बदलणार. त्याने मात्र तीन नंबरची इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणारा भाग, काढून एक नंबरला लावली आणि एकची तीनला. कोड पुसला, गाडी रेस केली. नवा कोड आला: पी ०३०१. कॉइल हलली तसा आजारही हलला. बिनखर्चाची ही परीक्षा मला भलतीच आवडली.

मग त्याने ती कॉइल माझ्या हातात दिली. खालच्या रबरी नळीला केसाएवढी चीर होती. तीन नंबरच्या सिलिंडरचा प्लग काढला, तर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. ठिणगी टोकाला न पडता त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळत होती. प्लगच्या खड्ड्यात चमचाभर हिरवट पाणी साचलं होतं.

"इंजिन धुऊन घेतलं होतं का?" त्याने विचारलं.

मी गप्प. निघायच्या आदल्याच दिवशी प्रवासाला जायचं म्हणून गाडी चकाचक करून घेतली होती. वॉशिंग सेंटरवाल्याने बॉनेट उघडून प्रेशरचा पाइप मारला, तेव्हा मी समोर उभा राहून कौतुकाने बघत होतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि काहीही न बोलता बाहेर जाऊन उभे राहिले.

कॉइल चिपळूणला होती. मेस्त्रीने दुकानात फोन केला आणि पाऊण तासाने कऱ्हाडकडे जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून एक पुडकं खाली दिलं. ते घ्यायला बाबाच धावले. त्या ड्रायव्हरशी दोन मिनिटं काय बोलले कोण जाणे, पण मागच्या ट्रकने हॉर्न मारेपर्यंत बस हलली नाही.

नवीन कॉइल, नवा प्लग, खड्डा हवा मारून कोरडा केला. किल्ली फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागले. ते लागायलाच हवेत, नाहीतर दिवाच मेलेला असतो. इंजिन सुरू झालं आणि पिवळा विझला.

गुहागरला पोचायला रात्रीचे साडेआठ वाजले. गाडी काचांपर्यंत चिखलाने माखलेली. लॉजवरचा पोरगा बॅगा उतरवताना म्हणाला, "सकाळी गाडी धुऊन ठेवू का?"

"बाहेरूनच," बाबा माझ्याआधी म्हणाले.