सापडलेल्याची जाहिरात

वर्तमानपत्रात हरवलेल्या माणसांच्या जाहिराती येतात. रंग गव्हाळ, बांधा सडपातळ, नाक सरळ, डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण. माणूस कसा हसायचा, कशावरून चिडायचा, यातलं काही तिथे नसतं. गर्दीत ओळखू यावा एवढ्यापुरताच मजकूर. एखाद्या नव्या कीटकाचं शास्त्रीय वर्णन वाचताना मला हटकून या जाहिराती आठवतात. फक्त इथली जाहिरात सापडलेल्याची असते, आणि त्याच्या शोधात कुणी घरदार सोडून निघालेलं नसतं.

अशी वर्णनं वाचायचा मला नाद आहे. त्यातही पाण्यातल्या बारक्या किड्यांची. खळाळत्या ओढ्यातल्या दगडगोट्यांना धरून राहणारे एल्मिडी कुळातले भुंगेरे घ्या. बहुतेकांचं अंग दोन-चार मिलिमीटरचं, म्हणजे तिळाएवढं. जवळजवळ सगळा जन्म पाण्यात जातो आणि पोहता मात्र येत नाही! नख्या भक्कम, त्यांच्या जोरावर प्रवाहात दगड घट्ट धरून सावकाश चालायचं. यातला एखादा नवा निघाला की त्याचं वर्णन साधारण असं उतरतं: शरीर लांबट, काळं, किंचित चकचकीत. शृंगिका अकरा पेरांच्या. पाठीवरच्या ढालींवर खळग्यांच्या रांगा, दोन खळग्यांमधलं अंतर खळग्याच्या व्यासाइतकं किंवा थोडं कमी. क्रियापद औषधालाही नाही. अशी पानंच्या पानं चालतात, आणि सवय झाली की त्या रुक्षपणाची गोडी लागते. कुणी खळग्यांमधलं अंतर मोजत बसलं होतं, हे राहून राहून जाणवत राहतं.

खरा घाम मात्र जुन्या कागदांवर गळतो. हा नवा आहे असं म्हणायचं, तर आजवरच्या नोंदलेल्यांपैकी हा कुणीच नाही हे आधी दाखवायला हवं. प्राण्यांच्या नावांचा हिशेब स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून सुरू होतो आणि नियमानं त्याची तारीख 1 जानेवारी 1758 धरली आहे. तेव्हापासून कुणी, कुठल्याही भाषेत, कितीही आडवळणाच्या नियतकालिकात या किड्याला रीतसर नाव देऊन ठेवलं असेल, तर मान त्या नावाचा. मग जुने जर्मन, फ्रेंच, लॅटिन लेख धुंडाळायचे, पुसट चित्रं न्याहाळायची, संग्रहालयांतले मूळ नमुने मागवायचे. ब्रह्माचं वर्णन करणाऱ्यांनी ‘नेति नेति’ म्हटलं, तेच हे लोक दोन मिलिमीटरच्या भुंगेऱ्याबद्दल म्हणत असतात. हा तो नव्हे, आणि तोही नव्हे.

एवढं होऊन फरक सापडतो कुठे? पुष्कळदा नराच्या जननेंद्रियात. बाहेरून दोन प्रजाती हुबेहूब एकीसारखी दुसरी, पण आतला तो अवयव एकीचा टोकाशी बोथट आणि दुसरीचा आकड्यासारखा वळलेला. असं का, यावर एकोणिसाव्या शतकापासून खल चालू आहे. आधी कुलूप-किल्लीचा तर्क होता, म्हणजे परक्या जातीशी जुळू नये म्हणून आकार वेगळे. आता मादीच्या निवडीला जास्त श्रेय देतात. मला दुसरं पटतं, पण माझ्या पटण्याला इथे कोण विचारतो.

माझी एक मैत्रीण हे काम करते. तिनं एकदा शेजारी बसवून दाखवलं. मायक्रोस्कोपखाली अल्कोहोलमधून काढलेला भुंगेरा उताणा ठेवलेला. अतिशय बारीक पिनेनं तिनं पोटाचा शेवटचा भाग उघडला आणि आतली एक पिवळट कुपी ओढून काढली. ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या कोमट द्रावणात घातल्यावर स्नायू विरघळले आणि राहिला तो कठीण भाग, मधाच्या रंगाचा, पारदर्शक. मधे एक नळी, दोन बाजूंना दोन पाती. हे सगळं जेमतेम अर्धा मिलिमीटर. ग्लिसरिनच्या थेंबात तिनं ते कुशीवर वळवलं तेव्हा तिनं श्वास रोखून धरला होता, कारण तेवढ्या भिंगाखाली मनगटातली नाडीसुद्धा पिनेला धक्का देते. मग मायक्रोस्कोपला जोडलेल्या चित्रनळीतून एकाच वेळी अवयव आणि स्वतःच्या पेन्सिलीचं टोक बघत तिनं त्याची रेघ न रेघ उतरवली. फोटो का नाही, असं मी विचारलं. म्हणाली, फोटोत सगळंच येतं, चित्रात महत्त्वाचं तेवढंच.

यापुढे माझी तक्रार सुरू होते. त्याच बैठकीत तिच्याकडे एका बशीत त्याच कुळातला एक जिवंत भुंगेरा होता. बशीत ओढ्याचं पाणी, पाण्यात एक खडा, खड्यावर तो. पाठीकडून काळा ठिपका. त्यानं खड्याच्या कडेवरून खाली उतरताना पोट दाखवलं, आणि पोट चांदीचं होतं. अंगावरच्या दाट, पाण्याला न भिजणाऱ्या लवेत हवेचा पातळ थर अडकलेला असतो, तो चमकत होता. पाण्यातला प्राणवायू त्या थरात आपसूक शिरतो आणि किडा तिथून तो घेतो. श्वासासाठी वर यायची गरज नाही. लव हवेचा बुडबुडा आकसू देत नाही, म्हणून हे दिवसचे दिवस चालतं. पाण्यात प्राणवायू भरपूर हवा, म्हणून वस्ती खळाळात. साबणाच्या पाण्यानं लव भिजते आणि मामला आटोपतो. आता हेच वर्णनात कसं येतं? पोटाच्या खालच्या बाजूस आखूड, दाट लव. बस्स! मेलेल्या, वाळलेल्या नमुन्यावर ती मळकट बुरशीसारखी दिसते आणि वर्णन नमुन्याला धरून करायचं असतं. मैत्रीण म्हणते, चांदी मोजता येत नाही. खरं आहे. तरी मला ती लव वाचताना चुटपुट लागते.

मायक्रोनेक्टा शोल्ट्झी या पाणकिड्याची गोष्ट तर याहून वरताण. युरोपातल्या तळ्या-डबक्यांतला हा दोन मिलिमीटरचा जीव, 1860 साली फिबर नावाच्या कीटकतज्ज्ञानं त्याचं वर्णन केलं. नर माद्यांना बोलावण्यासाठी आवाज करतो हे माहीत होतं, पण तो किती मोठा हे मोजलं गेलं 2011 साली: कमाल 99.2 डेसिबल. पाण्यातून हवेत येताना त्यातला जवळजवळ सगळा आवाज गळून जातो, तरी काठावर उभ्या माणसाला ऐकू जातो. अंगाच्या मानानं एवढा मोठा आवाज काढणारा दुसरा प्राणी त्या अभ्यासकांना सापडला नाही. आणि वाद्य कोणतं? तेच, नराचं जननेंद्रिय, पोटाच्या कडेवर घासून वाजवलेलं. ज्या भागाची लांबी-रुंदी कागदावर काटेकोर उतरवतात, तोच गातो.

नावाच्या बाबतीत मात्र हे रुक्ष लोक थोडे सैलावतात. बोर्निओच्या मालियाऊ खोऱ्यात सापडलेल्या तीनेक मिलिमीटरच्या एका भुंगेऱ्याला 2018 मध्ये हॉलिवूडच्या नटावरून ग्रूव्हेलिनस लिओनार्डोडिकाप्रिओई असं नाव मिळालं. नावाची लांबी किड्याला पेलते की नाही कोण जाणे. स्वतःचं नाव देऊ नये असा लेखी नियम नाही, पण तसं केलं की मंडळी नाकं मुरडतात. शिवाय गरजही नसते, कारण वर्णन करणाराचं आडनाव आणि साल प्रजातीच्या नावापुढे आपोआप लागतं. पुढे कुणी तो कीटक दुसऱ्या वंशात, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या दुसऱ्या गटात हलवला, तर आडनाव तिथेच राहतं, फक्त कंसात जातं. तळ्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या गेरिस लॅकुस्ट्रिसपुढे लिनियस कंसात आहे, कारण त्यानं 1758 साली त्याला ज्या वंशात घातलं होतं तो ढेकणाचा वंश होता.

मैत्रीण म्हणते, लिनियस कंसात गेला तर आपणही जाऊ, त्यात कमीपणा नाही. पण त्यासाठी आधी कंसाबाहेर यावं लागतं आणि तिचा लेख अडकलाय. नवीन प्रजाती सापडल्यापासून तिचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी एकवीस वर्षं जातात, असं 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं, आणि ती हा आकडा स्वतःच्या समर्थनार्थ वापरते. नर हाताशी आहेत, चित्रं तयार आहेत, नावही ठरलंय, ते ती सांगत नाही. मादी मिळालेली नाही.