भोकराचा चीक

आजोबा ओपीडीत शिरले तेच अपराध्यासारखे. नातवाला पुढे करून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मीच याले तापीवर ली गयथू. पानी कानमा भराई गयं." धुळ्यात कान तपासायला बसलो तेव्हापासून ही कबुली किती तोंडांनी ऐकली. कधी तापी, कधी विहीर, कधी नुसती न्हाणी.

पोरगं सहा वर्षांचं. कान दुखत नाही, वाहत नाही. फक्त टीव्हीला चिकटून बसतं, आणि शाळेत बाई म्हणतात, लक्ष नसतं. पडदे शाबूत होते, पण चकाकी जाऊन मातकट झालेले, आत ओढलेले. पडदा किती हलतो ते मोजणाऱ्या टिम्पॅनोमेट्रीच्या आलेखात जिथे टेकडी दिसायला हवी तिथे सपाट माळ, दोन्हीकडे. म्हणजे पडद्यामागे, मधल्या कानात, पाणी. असं पाणी बऱ्याच मुलांत आपोआप जिरतं, म्हणून तीन महिने थांबलो. याचं जिरलं नाही. मग ॲडिनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, काढून दोन्ही कानांच्या पडद्यांत ग्रोमेट, म्हणजे इवलीशी नळी, बसवायचं ठरलं.

मायक्रोस्कोपखाली पडद्याला बारीकसा छेद दिला, सक्शन लावलं. काहीच येईना. नळी तुंबली असं वाटून मागे घेतली, तर तिच्या टोकाला पिवळसर तार. ओढत गेलो तशी लांबत गेली, तुटेचना.

"भोकराचा चीक!" सिस्टर म्हणाल्या. लहानपणी आम्ही पतंग चिकटवायचो तोच.

मधल्या कानाचं अस्तर म्हणजे नाकाच्या अस्तराचं चुलत भावंड. घशाकडून येणाऱ्या युस्टेशियन नळीच्या तोंडाशी केसाळ पेशी असतात आणि त्यांच्यामध्ये गॉब्लेट पेशी, पोट फुगलेल्या पेल्यासारख्या. एमएस करताना स्लाइडवर पाहिलेल्या त्या गडद गुलाबी पोटांची अजून आठवण येते. मास्टॉइडकडे, म्हणजे कानामागच्या हाडाकडे, जावं तशा त्या विरळ होतात. थोडा चिकटा लागतोच. जंतू त्यात अडकतात आणि केस तो घशाकडे लोटतात. पण नळी नीट उघडेनाशी झाली, सूज मुक्कामाला राहिली, की या पेशी वाढतात, जिथे नव्हत्या तिथेही उगवतात, अस्तरात ग्रंथी तयार होतात. त्यांचा माल म्हणजे म्युसिन, साखरेने लगडलेली प्रथिनं. पाणी धरून फुगतात आणि चिकट होतात. डेन्मार्कच्या मिर्को तोस यांनी या पेशी मायक्रोस्कोपखाली अक्षरशः मोजल्या. एवढा धीर मला नाही.

बाहेर येऊन आजोबांना सक्शनची बाटली दाखवली. आडवी केली तरी आतला गोळा हलेना.

"बाबा, हे तापीचं पाणी दिसतंय का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"पडदा धड होता. बाहेरचं पाणी पडद्यापलीकडे जात नाही. हे त्याच्या कानानेच आत तयार केलंय."

आजोबा बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि बराच वेळ ती तशीच राहिली.

घरी सोडताना मी नेहमीची सूचना दिली. ग्रोमेट साधारण सहा महिने ते वर्षभरात आपोआप पडेल, तोवर नदीत बुडी मारू देऊ नका.

"का बरं?"

"ग्रोमेटला भोक असतं ना. बुडी मारली तर पाणी आत जाऊ शकतं."

आजोबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हंजे आते खरंच पानी जाई?"